चिल्लरमधली चुकलेली नाणी: शोधायची कशी, ओळखायची कशी

‘हे पाच रुपयांचं नाणं घरात असेल तर तुम्ही लखपती’ अशा बातम्या मोबाइलवर सतत फिरत असतात. त्यांत दाखवलेली नाणी बहुधा 2012 ची माता वैष्णोदेवीची असतात, सोबत ट्रॅक्टरवाली पाचाची नोट आणि 786 आकड्याच्या नोटा. वैष्णोदेवीचं नाणं हे सरकारनं काढलेलं स्मारक नाणं आहे. ते भरपूर पाडलं गेलं, आजही मिळतं, आणि त्यात चुकलेलं काहीच नाही.

या लेखात बोलायचं आहे ते खरोखर चुकलेल्या नाण्यांबद्दल. टांकसाळीत पाडतानाच बिघडलेली, तपासणीतून निसटलेली आणि इतर नाण्यांबरोबर पिशवीत भरून बँकेत, तिथून वाण्याच्या गल्ल्यात आलेली ही नाणी. ती मिळतात. रोज मिळत नाहीत, आणि मिळतात त्यातल्या बऱ्याचशांना दर्शनी किमतीपेक्षा थोडेच जास्त पैसे येतात. कमाईसाठी यात उतरायचं असेल तर वेळ वाया जाईल. बघण्याची आवड असेल तर मात्र हा छंद फार स्वस्त आहे, कारण चुकलेलं नाणं निघालं नाही तरी हातातले पैसे पैसेच राहतात.

या छंदात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा असतो: हे टांकसाळीत झालं, की टांकसाळीबाहेर? बाकी सगळं त्या प्रश्नाचं उत्तर काढण्याचं तंत्र आहे.

आधी नाणं कसं पाडतात ते समजून घ्या

हा भाग वगळू नका. नवखे लोक थेट फोटो बघून शोधायला लागतात आणि महिनाभरात खरवडलेल्या, ठोकलेल्या नाण्यांनी डबी भरून ठेवतात.

धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या पाडल्या जातात. चकतीची कड दाबून किंचित उचलतात, त्यातून नाण्याचा काठ तयार होतो. मग चकती भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन स्वच्छ करतात आणि दाबयंत्राकडे पाठवतात. यंत्रात वरून एक ठसा, खालून एक ठसा आणि भोवती पोलादी कॉलर असते. दाब पडला की धातू बाजूला पसरू पाहतो, कॉलर त्याला अडवते. ज्या नाण्याच्या कडेवर दाते असतात, ते दाते कॉलरच्या आतल्या बाजूला कोरलेले असतात आणि त्याच क्षणी उमटतात. म्हणजे दोन्ही बाजू आणि कड हे तिन्ही एका फटक्यात तयार होतं.

चुकाही मग तीनच ठिकाणी होऊ शकतात: चकतीत, ठशात किंवा फटक्यात. हातात आलेली विचित्र गोष्ट या तिन्हींपैकी कशातच बसत नसेल, तर ती बहुतेक बाहेर झालेली आहे.

अजून एक नियम पाठ करून टाका. ठशावर चित्र खोलगट असतं, म्हणून नाण्यावर ते उंच येतं. ठशाला तडा गेला तर धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ येते. नाण्याला नंतर ओरखडा पडला तर रेघ खोल असते. बोटाच्या नखानं नुसतं चाचपलं तरी अर्धे दावे निकालात निघतात.

साहित्य

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनार वापरतात तसलं. त्याहून जास्त ताकदीचं नको, कारण मग प्रत्येक खरवड चूक वाटायला लागते. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा, एक लोहचुंबक आणि टेबललॅम्प. व्यास मोजायला कॅलिपर असेल तर उत्तम, नसेल तर त्याच प्रकारचं दुसरं नाणं वर ठेवून बघता येतं. दिवा डोक्यावर नको, बाजूला ठेवा. तिरक्या उजेडात उंचसखल लगेच कळतं, वरून पडलेल्या उजेडात सगळं सपाट दिसतं.

नाणी धुवायची नाहीत. चिंच, लिंबू, रांगोळी, पितांबरी यातलं काहीही लावायचं नाही. देवघरातली भांडी घासण्याची सवय असलेल्या घरात हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. घासलेल्या नाण्याला जाणकार हातही लावत नाहीत.

नाणी आणायची कुठून

सगळ्यात सोपा झरा म्हणजे बँक. शाखांमध्ये नाणी मिळतात, काही बँका अधूनमधून नाणे मेळावेही भरवतात. रोखपालाला ‘चुकलेली नाणी आहेत का’ असं विचारू नका; तो एकतर वैतागेल, नाहीतर चांगली नाणी पुढच्या वेळी स्वतःच बाजूला काढेल. ‘सुट्टे हवेत’ एवढंच पुरे. बंद पिशवी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण ती बहुधा थेट टांकसाळीतून आलेली असते आणि आधी कुणी चाळलेली नसते.

वाण्याचा गल्ला हा दुसरा. काही दुकानांत सुट्ट्यांची एवढी टंचाई की दोन रुपयांऐवजी चॉकलेट हातावर ठेवतात, तर काही दुकानांत दहाच्या नाण्यांचा ढीग साचलेला असतो. राज्यातल्या बऱ्याच गावांत दहाचं नाणं ‘चालत नाही’ असा समज अजून आहे. तिथं दुकानदाराला ‘काका, दहाची नाणी असतील तेवढी द्या, नोटा देतो’ म्हटलं की काका खूश आणि आपणही. दहाच्या नाण्यांत चुका पुष्कळ सापडतात, त्याबद्दल पुढे.

देवस्थानची दानपेटी उघडते तेव्हा विश्वस्तांना सुट्ट्यांच्या बदल्यात नोटा हव्याच असतात. ओळख असेल तर विचारा. आणि लग्नसराई झाली की घरातली आहेराची रिकामी पाकिटं फेकण्याआधी बघा. 101, 501 च्या वरचा तो एक रुपया पाकिटावर चिकटवलेला असतो आणि बऱ्याचदा कोराकरकरीत असतो. डिंक मात्र नखानं उकरू नका, पाकिटाचा कागद नाण्याभोवती कापून घ्या आणि साध्या पाण्यात भिजू द्या. धुण्याच्या नियमाला एवढाच अपवाद.

पहिली चाळणी

सगळी चिल्लर टेबलावर ओतून एकेक नाणं भिंगाखाली धरायला लागलात तर अर्ध्या तासात डोळे दुखतील. आधी वेगळी करा: मूल्याप्रमाणे, मग मालिकेप्रमाणे, मग सालाप्रमाणे. एकसारखी पन्नास नाणी रांगेत मांडली की त्यातलं वेगळं आपोआप दिसतं. त्यासाठी भिंगही लागत नाही.

मालिका ओळखायला वजन आणि व्यास उपयोगी पडतात. हे आकडे एका कागदावर लिहून दिव्याजवळ चिकटवा:

2011 पासूनची, ₹ चिन्ह असलेली मालिका: एक रुपया 3.79 ग्रॅम, 22 मिमी. दोन रुपये 4.85 ग्रॅम, 25 मिमी. पाच रुपये 6 ग्रॅम, 23 मिमी. दहा रुपये 7.71 ग्रॅम, 27 मिमी.

2019 पासूनची मालिका: एक रुपया 3.09 ग्रॅम, 20 मिमी. दोन रुपये 4.07 ग्रॅम, 23 मिमी. पाच रुपये 6.74 ग्रॅम, 25 मिमी. दहा रुपये 7.74 ग्रॅम, 27 मिमी. वीस रुपये, बारा कोनांचं, 8.54 ग्रॅम, 27 मिमी.

यात एक गंमत आहे. 1992 ते 2004 चा स्टीलचा एक रुपया 4.85 ग्रॅम आणि 25 मिमीचा होता, म्हणजे 2011 नंतरच्या दोन रुपयांइतकाच. नुसत्या स्पर्शावर नाणी वेगळी करायला गेलात तर हे दोघं हमखास एका ढिगात जातील. मोठा दिसणारा एक रुपया म्हणजे ‘दोनच्या चकतीवर पडलेला एक’ असं कुणी सांगत आलं, तर आधी साल वाचायला सांगा.

वजनात थोडा इकडेतिकडे फरक टांकसाळीला मान्यच असतो, शिवाय वापरानं नाणं झिजतं. पाच-दहा शतांश ग्रॅमनं हुरळून जाऊ नका. अर्धा ग्रॅम कमी भरलं तर मात्र ते नाणं वेगळं ठेवा.

टांकसाळीची खूण

भारतात चलनी नाणी चार टांकसाळींत पाडली जातात: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. मुंबईची टांकसाळ फोर्टात, रिझर्व्ह बँकेच्या समोर आहे. नाशिकरोडला नोटा छापतात, नाणी पाडत नाहीत; ‘नाशिकचं नाणं’ म्हणून कुणी काही विकत असेल तर तिथूनच परत फिरा.

सालाच्या खाली बघा. पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. नवखे हमखास इथंच फसतात, कारण ‘खूण गायब’ म्हणून विकली जाणारी बहुतेक नाणी सरळसाधी कोलकात्याची असतात. मुंबईच्या ठशात घाण भरून चौकट खरोखर उमटली नाही असंही होतं, पण ते सिद्ध करणं जवळपास अशक्य आहे. त्यामुळे त्याच्या मागे लागू नका.

सरकारनं काही वर्षं परदेशातूनही नाणी पाडून आणली होती. 1985 च्या रुपयावर सालाखाली H दिसला तर ते इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचं. 1988 चं C म्हणजे कॅनडातलं ओटावा. नव्वदच्या दशकाच्या शेवटीशेवटी आणि त्यानंतरच्या एकदोन वर्षांत मॉस्कोची, स्लोव्हाकियाची, मेक्सिकोची खूण असलेली नाणीही आली. जमवायला ती छान आहेत, पण ती चूक नव्हेत.

आता एकेक नाणं

क्रम ठरवून टाका आणि मोडू नका. मी आधी कड बघतो, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. नाणं दोन बोटांत धरून उजेडासमोर पूर्ण एक फेरी फिरवा. दाते सलग आहेत का, कुठे अचानक थांबतात का, कडेच्या मध्यावर पायरीसारखी रेघ आहे का. अशी पायरी असेल तर कॉलर पूर्ण वर न येता अर्ध्यावर अडकली होती आणि त्याच अवस्थेत फटका पडला. नाण्याला अजिबात काठ नसेल, ते जरा मोठं आणि पसरट असेल आणि कड गुळगुळीत असेल, तर कॉलर मुळात लागलीच नव्हती.

मग सिंहांची बाजू. अशोकस्तंभाखालचं ‘सत्यमेव जयते’ वाचता येतं का बघा. ते अर्धवट किंवा पूर्ण गायब असणं ही आपल्याकडची सगळ्यात जास्त आढळणारी चूक. ठशातली बारीक अक्षरं वंगण आणि धातूच्या भुकटीनं बुजतात, धातू आत शिरत नाही आणि अक्षर उमटत नाही. ती खरी चूक असते, पण इतकी सर्रास असते की किंमत जेमतेम. शिवाय पन्नासच्या दशकातल्या काही नाण्यांवर ही अक्षरं मुळातच नव्हती, हेही लक्षात असू द्या. बुजलेलं अक्षर आणि झिजलेलं अक्षर यात फरक कसा करायचा? झिजलेल्या नाण्यावर सिंहांच्या आयाळीही गुळगुळीत झालेल्या असतात. आयाळीतला केस न केस स्पष्ट आणि खालची अक्षरंच नाहीत, तर ठसा बुजला होता.

त्यानंतर नाणं उलटायचं, पण नीट पद्धतीनं. सिंह सरळ उभे राहतील असं नाणं धरा. अंगठा सहावर, तर्जनी बारावर, घड्याळाचे आकडे असल्यासारखे. आता नाणं डावीकडून उजवीकडे फिरवा, पुस्तकाचं पान उलटतात तसं. मागची बाजूही सरळ उभी दिसली पाहिजे; भारतीय नाण्यांत दोन्ही बाजूंची डोकी एकाच दिशेला असतात. मागचा आकडा कलंडलेला दिसला तर ठसा यंत्रात सैल होऊन फिरला होता. दहा-पंधरा अंशांचा कल रोजचाच, तो सोडून द्या. नव्वद अंश किंवा पूर्ण उलटं असेल तर ठेवा. ही चूक नंतर खोटी बनवणं फार अवघड असतं आणि शोधायला डोळ्यांखेरीज काही लागत नाही, म्हणून नवख्यानं सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे.

मागची बाजू शेवटी. तिथं ठशाच्या तड्यांकडे लक्ष द्या, ते बहुधा काठापासून निघतात. आकड्याच्या टोकातून निघून काठापर्यंत गेलेली बारीक, उंच, जराशी नागमोडी रेघ दिसली तर तडा. ठशाचा काठाजवळचा तुकडाच निखळून पडला असेल, तर नाण्यावर त्या जागी अक्षरं गिळून टाकणारा धातूचा सपाट उंचवटा येतो. असं नाणं मिळालं तर नशीब समजा.

कापलेली चकती: बारकाईनं बघायची चूक

काठाला चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेलं नाणं तुम्हाला कधी ना कधी भेटेलच. पोळपाटावर मोठी पोळी लाटून वाटीनं पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी सरकली तर पुरीला कोर पडते. पट्टीतून चकत्या पाडताना अगदी तेच होतं. म्हणून खरी कोर नेहमी आत वळलेली असते आणि तिचा बाक त्याच मापाच्या वर्तुळाचा असतो. पट्टीच्या टोकाशी चकती पडली तर कापा सरळ असतो.

कानशीनं घासून, कातरीनं कापूनही अशी नाणी बनवली जातात. ती ओळखायला चार गोष्टी बघा. एक, कोरीच्या बरोबर समोर, म्हणजे नाण्याच्या दुसऱ्या टोकाला, काठ बारीक किंवा पुसट असायला हवा. चकतीचा काठ उचलताना दाब दोन्ही बाजूंनी लागतो. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही. नंतर कापलेल्या नाण्याचा समोरचा काठ मात्र ठणठणीत असतो. दोन, कोरीजवळची अक्षरं. फटका बसताना धातू रिकाम्या जागेकडे वाहतो, त्यामुळे तिथली अक्षरं ताणलेली, टोकाशी निमुळती होत गेलेली दिसतात. सुरीनं कापल्यासारखं अर्धं अक्षर दिसलं तर खरंच कुणीतरी कापलं आहे. तीन, कापलेल्या जागेवर समांतर घासल्याच्या रेघा आहेत का. चार, त्या जागेचा रंग बाकीच्या कडेसारखाच मळलेला आहे का, की तिथं धातू ताजा चमकतोय.

पहिली खूण असेल आणि बाकी तिन्ही तिला दुजोरा देत असतील तर नाणं जपून ठेवा. एकट्या पहिल्या खुणेवर पैज लावू नका. सरळ कापा असेल किंवा कोर अगदी लहान असेल तर ही पहिली खूण नीट न दिसण्याचीही शक्यता असते.

दहाचं नाणं

दोन धातूंचं दहा रुपयांचं नाणं 2009 मध्ये चलनात आलं आणि चुका शोधणाऱ्यांची चंगळ झाली. बाहेरचं पिवळं कडं आणि आतली पांढरी चकती वेगवेगळ्या तयार होतात आणि दोन्ही एकत्र धरून फटका बसतो तेव्हाच घट्ट जोडल्या जातात. म्हणजे चूक व्हायला जागा दुप्पट.

सगळ्यात छान दिसते ती सरकलेल्या भोकाची चूक. पिवळ्या कड्याला भोक मध्यावर न पडता एका बाजूला पडलेलं असतं. आत पांढरी चकती बसते आणि ठसा नेहमीच्याच जागी पडतो. त्यामुळे चित्र अगदी मध्यावर, काठ व्यवस्थित, फक्त पांढरा भाग सरकलेला. एका बाजूला कडं जाड, दुसऱ्या बाजूला पातळ आणि एखाद्या अक्षराचा अर्धा भाग पिवळा, अर्धा पांढरा. घरी बसून हे करणं शक्य नसतं.

पांढरी चकतीच नसलेलं कडं मात्र संशयानंच बघा. ठोकून चकती बाहेर काढता येते आणि लोक काढतात. भोकाच्या आतल्या कडेवर खाच किंवा तुटलेल्या धातूच्या खुणा असतील, तर चकती आधी बसली होती. चकती नसतानाच फटका पडला असेल तर भोकाची कड आतल्या बाजूला थोडी पसरलेली असते.

याच नाण्याबद्दलचा जुना घोळही इथंच मिटवू. दहा रेषांचं खरं आणि पंधरा रेषांचं खोटं, असं सांगत फिरणारे पुष्कळ आहेत. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मध्ये स्पष्ट केलं की तोवर निघालेली चौदाही नमुन्यांची दहाची नाणी वैध आहेत. रेषांचा फरक ही रचना बदलल्याची खूण आहे, चूक नाही.

लखी आणि इतर मोठे मासे

दुकानदार ज्याला ‘लखी’ म्हणतात ते नाणं असं होतं: पाडलेलं नाणं ठशालाच चिकटून राहतं, त्याखाली नवी चकती येते आणि ते चिकटलेलं नाणंच ठशाचं काम करतं. नव्या नाण्याच्या एका बाजूला चित्र उंच आणि सुलटं, दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोल आणि आरशातल्यासारखं उलटं येतं. दोन्ही बाजूंना उंच, सुलटे सिंह असलेलं नाणं दाखवून कुणी लखी म्हणत असेल तर ते जादूच्या दुकानातलं दुतोंडी नाणं आहे. दोन नाणी कोरून एकात एक बसवलेली असतात. काठाच्या आतल्या बाजूनं भिंग फिरवलं की सांधा सापडतो, आणि टेबलावर आपटलं तर आवाज बद्द येतो.

फटका एका बाजूला पडून अर्धं नाणं कोरं राहणं, एकाच नाण्यावर दोन फटके पडणं, ठसा न लागलेली निव्वळ कोरी चकती: या चुका ठळक असतात म्हणून टांकसाळीतच पकडल्या जातात, आणि म्हणूनच बाहेर आल्या तर किंमत येते. सरकलेल्या फटक्यात साल आणि टांकसाळीची खूण दिसत असेल तर भाव आणखी वाढतो.

चुकीच्या धातूवर पडलेलं नाणं शोधायला चुंबक आहे. 2005 नंतरचे एक आणि दोन रुपये स्टीलचे आहेत, ते चिकटतात. 2009 पासूनचं पिवळं पाचाचं नाणं चिकटत नाही. मात्र 2007 आणि 2008 ची पाचाची नाणी स्टीलचीच होती, ती चिकटतात आणि त्यात वावगं काही नाही. पिवळ्या नाण्यांच्या नमुन्यातलं पाच चिकटलं, किंवा अलीकडचा एक रुपया चिकटला नाही, तर वजन करा आणि जाणकाराला दाखवा.

टाकून द्यायच्या गोष्टी

रेल्वे रुळावर ठेवलेलं नाणं पोरांच्या खिशातून अजूनही येतं. ते पातळ, लांबट असतं आणि चित्र दोन्ही बाजूंनी सारखंच फरफटलेलं असतं. आम्लात बुडवलेलं नाणं सगळीकडून सारखं बारीक होतं, वजन घटतं, पृष्ठभाग खरबरीत होतो. पाचाच्या पिवळ्या नाण्याला तांबूस किंवा काळपट रंग आला तर ते जळालेलं किंवा रसायन लागलेलं असतं. हातोडी, पकड, पान्हा यांच्या खुणा असल्या की चित्र चेपलेलं दिसतं, वाहिलेलं दिसत नाही.

दुहेरी दिसणारे आकडे हे नवख्यांचं मोठं आकर्षण. त्यातली बहुतेक फटक्यानंतर ठसा किंचित थरथरल्यामुळे होतात. तिथं दुसरी आकृती सपाट, पायरीसारखी असते आणि मूळ आकडा त्यामुळे बारीक झालेला असतो. याला किंमत नाही. ठसाच दुहेरी कोरला गेला असेल तर दोन्ही आकृत्या गोलसर, सारख्या उंचीच्या असतात, आणि त्याच ठशातून पडलेल्या प्रत्येक नाण्यावर तसंच दिसतं. म्हणून त्याच सालाची, त्याच टांकसाळीची आणखी नाणी तपासा.

आणि स्वतः काही बनवायचा मोह टाळा. 2011 च्या नाणेविषयक कायद्यानुसार नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नोंद आणि जपणूक

ठेवायचं ठरलेलं नाणं कडेला धरूनच उचला. कागदी चौकटीत प्लास्टिकची खिडकी असलेले होल्डर मिळतात, ते स्वस्त आणि पुरेसे आहेत. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, त्या कालांतरानं चिकट होतात आणि नाण्यावर हिरवट थर येतो. कपाटात डांबरगोळ्या असतील तर डबी दुसरीकडे ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने डबीत सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच.

होल्डरवर मूल्य, साल, टांकसाळ, वजन, चुकीचा प्रकार आणि कुठून मिळालं ते लिहा. ‘बंद पिशवीतून’ ही नोंद पुढे विकताना फार उपयोगी पडते. फोटो दोन्ही बाजूंचे आणि कडेचा, शेजारी त्याच सालाचं साधं नाणं ठेवून काढा.

विकायचं असेल तर

घाई करू नका. पुणे, मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथं विक्रेत्यांच्या टेबलांवर हिंडा. आपल्याकडच्या नाण्यासारखं नाणं खरोखर कितीला जातं ते बघा, मागितलेली किंमत नव्हे. दोन-तीन जणांना दाखवल्याशिवाय पहिल्याच भावाला होकार देऊ नका. डोळा तयार करायला फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राच्या अभ्यासाची संस्था आहे. तिथं चुकलेली नाणी कमी दिसतील, पण ठसा, धातू आणि झीज बघायची सवय लागते.

फोनवर ‘आम्ही रिझर्व्ह बँकेतून बोलतोय, तुमचं नाणं पाच लाखांना घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती नसते आणि असलं शुल्क किंवा कमिशन कुणाकडेही मागत नाही. खरा गिऱ्हाईक नाणं बघतो आणि पैसे देतो; तो तुमच्याकडून आधी पैसे घेत नाही.

उरलेल्या चिल्लरचं काय? ती खर्च करा किंवा बँकेत भरा. एका व्यवहारात एक रुपया आणि त्यावरच्या नाण्यांत हजार रुपयांपर्यंतची रक्कम कायदेशीर धरली जाते, त्यामुळे वाण्यापुढे पोतं ओतू नका. तपासलेली नाणी ज्या शाखेत भराल, तिथूनच पुढची पिशवी घेऊ नका, नाहीतर तीच नाणी पुन्हा तुमच्याच टेबलावर येतील. भरायला एक शाखा आणि घ्यायला दुसरी, असं ठरवून टाका.